केनियात तीन आठवडे शिकवायला जाताना: बेळगावच्या बाजारातलं काय कामाला येतं, काय ओझं होतं

पश्चिम केनियातल्या एखाद्या बायबल शाळेत तीन आठवडे शिकवायला जायचं ठरलं की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत सामानाच्या याद्या फिरायला लागतात. त्यातल्या बऱ्याच अमेरिकेहून निघणाऱ्या माणसासाठी केलेल्या असतात. त्यांच्याकडे १२० व्होल्टची वीज, म्हणून ट्रान्सफॉर्मर न्या असा सल्ला. आपल्याला त्याचं काय करायचं? केनियात २४० व्होल्ट, आपल्याकडे २३०. चार्जर तसाच चालतो, फक्त पिना बसत नाहीत. म्हणून खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या फेरीत सहज मिळणाऱ्या वस्तूंचीच ही परीक्षा. कसोटी एकच: करंट गेला, नळ कोरडा पडला आणि पत्र्यावर पाऊस सुरू झाला, तरी ती वस्तू काम देते का?

आधी दिवस कसा जातो ते डोळ्यांसमोर आणा. व्हिक्टोरिया सरोवराकाठचं किसुमू शहर विषुववृत्ताला खेटून आहे. बारा महिने साडेसहाच्या आसपास उजाडतं आणि पावणेसातच्या सुमाराला अंधार पडतो. सकाळपासून दुपारपर्यंत तास, मध्ये दुधाचा उकळलेला चहा, संध्याकाळी भक्ती, मग दिव्याखाली उद्याची तयारी. वेळ विचारताना एक घोळ हमखास होतो. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘सा तातू’ म्हणजे शब्दशः तीन वाजता, पण अर्थ सकाळचे नऊ. सहा तास मिळवायचे किंवा वजा करायचे. वेळापत्रक इंग्रजीत लिहून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या मावशींनी सांगितलेली वेळ सहाच्या फरकाने तपासा. दुसरा हिशेब अनुवादकाचा. तुम्ही इंग्रजीत बोलणार आणि कोणीतरी स्वाहिलीत किंवा लुओ या तिथल्या भाषेत सांगणार असेल, तर ५० मिनिटांच्या तासात तुमचं बोलणं २५ मिनिटांचंच. बेळगावच्या रविवार शाळेत एका तासाला पुरणारा धडा तिथे दोन तास घेतो.

गुंडाळी फळा

या सगळ्या खरेदीतली सर्वांत कामाची वस्तू म्हणजे शाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणारा रेक्झिनचा गुंडाळी फळा. दुकानदार तीन बाय चार फुटी काढून दाखवेल. तो नको. तीन फूट म्हणजे ९१ सेंटिमीटर आणि २८ इंची बॅगेची उंची जेमतेम ७०. तिरका घातला तरी मावत नाही, आणि वेगळा बांधला तर विमानतळावर तो आणखी एक नग धरतात. दोन फूट रुंद आणि चार फूट लांब असा घ्या, दांड्या दोन फुटी बाजूंना. ६१ सेंटिमीटरची गुंडाळी बॅगेत उभी बसते. वरच्या दांडीला दोन्ही टोकांना दोरी हवी, खालची दांडी जरा जड हवी. हलकी असली की वाऱ्याने फळा भिंतीवर आपटत राहतो.

गुंडाळताना लिहायची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर वरचा थर चेपला जातो, सुरकुत्या पडतात आणि त्या रेघांवर खडू अडकतो. मधोमध दीड-दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घातला तर गुंडाळी फार घट्ट होत नाही, आणि पाइपच्या पोकळीत खडू, दोरी, खिळे मावतात. नवा फळा थेट वापरू नये. खडू आडवा धरून सगळा फळा एकदा पांढरा करायचा आणि कोरड्या कापडाने पुसून टाकायचा. हे केलं नाही तर पहिल्या दिवशी लिहिलेली अक्षरं शेवटच्या दिवसापर्यंत पुसट दिसत राहतात. ओलं कापड पहिल्या दोन-तीन दिवसांत लावूच नये.

लिहायचं किती मोठं? मागच्या बाकावरून, म्हणजे सात-आठ मीटरवरून वाचता यायला अक्षर ५ सेंटिमीटर उंच हवं. त्या मापाने दोन फुटांच्या ओळीत १६-१८ रोमन अक्षरं आणि चार फुटांत १४-१५ ओळी बसतात. अख्खं वचन मावत नाही. अध्याय-ओवीचा संदर्भ आणि चार कळीचे शब्द मावतात, आणि अनुवादकालाही तेवढेच लागतात.

फळ्याला इतके गुण देण्याचं खरं कारण पाऊस. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. सरोवराच्या बाजूला दुपारनंतर गडगडाट करून येतो. पत्र्यावर कोसळायला लागला की अनुवादकाचा आवाज दुसऱ्या बाकापुढे जात नाही. तेव्हा फळ्यावर प्रश्न लिहायचा, उत्तर वहीत लिहायला सांगायचं आणि बाकांमधून फिरून बघायचं. पावसाळी दुपारीसाठी असे तीन-चार प्रश्न आधीच काढून ठेवलेले बरे.

खडू मात्र ओझ्याने नेऊ नका. तिथे शाळा आहेत, खडूही मिळतात. सुरुवातीपुरती एक पेटी स्टीलच्या घट्ट डब्यात न्या. दमट हवेत कागदी पेटीतले खडू सर्दतात आणि फळ्यावर नुसते घसरतात.

कंबरेला बांधायचा छोटा स्पीकर आणि डोक्यावरचा माईक: दीडशे माणसांच्या उपासनेत उपयोगी, ४० जणांच्या वर्गात गरज नाही, पावसात निकामी. गटात एक पुरे.

प्रोजेक्टर, पॉवर बँक आणि पिनांचं गणित

मिनी प्रोजेक्टर नेऊ नका. खोक्यावर हजारो लुमेन छापलेले असतात, प्रत्यक्षात उजेड त्याच्या कितीतरी कमी. दिवसा उघड्या खिडक्यांच्या वर्गात भिंतीवर काही दिसत नाही; खिडक्या लावल्या तर पत्र्याखाली माणसं भाजून निघतात. रात्री दिसतं, पण साधारण ६० वॉट खाणारं यंत्र २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तासभरही टिकत नाही. हिशेब साधा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, त्यातलाही काही भाग रूपांतरात जातो. त्या पैशात सहा गुंडाळी फळे येतात.

पॉवर बँक मात्र हवीच. १०० वॉट-तासांपर्यंतची विमानात परवानगीशिवाय नेता येते, पण फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला लावतात. सौर पॅनेल चिकटवलेली पॉवर बँक दुकानात फार आकर्षक दिसते. तिच्यावरचं तळहाताएवढं पॅनेल भर उन्हात एखाद-दीड वॉट देतं; म्हणजे ७४ वॉट-तास भरायला पन्नास-साठ तासांचं कडक ऊन, दहा-बारा दिवस. शिवाय बॅटरी तापून खराब होते ती वेगळी. त्याऐवजी साधी पॉवर बँक आणि वेगळ्या पॅनेलचा, तारेने जोडायचा सौर कंदील घ्या. पॅनेल छपरावर, कंदील सावलीत. तिथे विजेला ‘स्टीमा’ म्हणतात, आणि ‘स्टीमा गेली’ हे वाक्य आपल्या ‘करंट गेला’इतकंच रोजचं.

आता पिना. केनियात ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा प्लग. बाजारातला ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टर मोबाइलपुरता ठीक. त्यावर बारीक अक्षरांत ६ अँपिअर लिहिलेलं असतं, ते वाचत नाही कोणी. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. अडॅप्टर आधी मऊ पडतो, मग वास सुटतो. गटासाठी सर्वांत सोयीचं असं: घरून चार सॉकेटचा आपला एक्स्टेंशन बोर्ड न्यायचा आणि तिथल्या हार्डवेअरच्या दुकानातून ब्रिटिश प्लग घेऊन वायरीला जोडायचा. दुकानाला स्वाहिलीत ‘डुका’च म्हणतात, विचारायला अडचण नाही. प्लग उघडून मोठी पिन वर धरली की उजवीकडे फ्यूजजवळ लाल किंवा तपकिरी वायर, डावीकडे काळी किंवा निळी, वर हिरवी. प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज असतो. बोर्डवर फक्त चार्जर लावायचे असतील तर तो काढून ३ अँपिअरचा घाला. मग सहा जणांचे मोबाइल आळीपाळीने आपल्याच चार्जरने चार्ज होतात. या बोर्डवर किटली किंवा इस्त्री लावायची नाही, हे बोर्डवरच लिहून चिकटवा.

पाणी

यजमान बहुधा पावसाच्या टाकीचं किंवा विहिरीचं पाणी देतात आणि ते स्वतः पितातही. तुमच्या पोटाला त्याची सवय नाही. माणशी तीन लिटर धरलं तर सहा जणांना रोज १८ लिटर.

मातीच्या कँडलचा स्टीलचा फिल्टर इकडे अनेक घरांत आहे, म्हणून तो न्यायचा मोह होतो. प्रवासात कँडलला केसाएवढी चीर गेली तरी दिसत नाही आणि पाणी न गाळताच खाली उतरतं. चांगली कँडलही जंतू अडवते पण विषाणू अडवत नाही, आणि १८ लिटर उतरायला अख्खा दिवस लागतो. घरी ठेवा.

उकळणं हाच खात्रीचा मार्ग, आणि त्यासाठी किटली तिथेच विकत घ्या. तिला तिथला प्लग लावलेलाच येतो आणि निघताना ती यजमानांच्या कामाला येते. दीड लिटरच्या किटलीला एका खेपेला पाच-सहा मिनिटं, बारा खेपा म्हणजे सव्वा तास. वीज रोज साधारण दीड ते पावणेदोन युनिट जळते. हे मुद्दाम सांगायचं कारण असं की तिथे प्रीपेड मीटर सर्रास आहेत. टोकनचा आकडा दाबून युनिट भरतात, आणि संपले की घर अंधारात. पाहुण्यांच्या किटलीने पाळकसाहेबांच्या घरचे युनिट संपावेत हे बरं दिसत नाही. पहिल्याच दिवशी आपल्या वाट्याचे पैसे द्या, शेवटच्या दिवशी पाकिटात घालून नको. पाणी खळखळून मिनिटभर उकळलं की पुरे. एल्डोरेटच्या बाजूला २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं.

करंट नसेल त्या दिवसासाठी औषधाच्या दुकानातल्या क्लोरिनच्या गोळ्या. पाणी आधी चौपदरी सुती कापडातून गाळायचं; गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्च होतं. पाकिटावर जितक्या लिटरला एक गोळी लिहिली आहे तितक्यालाच एक, आणि पूर्ण अर्धा तास थांबायचं. वास आला म्हणून गोळी अर्धी करू नका. पिण्याआधी भांडं थोडा वेळ उघडं ठेवलं की वास कमी होतो. दात घासायलाही हेच पाणी.

आणि सरोवराचं पाणी पायालाही लावू नका. व्हिक्टोरिया सरोवरात बिल्हार्झियाचा जंत आहे, तो कातडीतून आत शिरतो. बाप्तिस्म्याचा विधी सरोवरात असेल आणि पाहुण्या शिक्षकालाही पाण्यात बोलावलं, तर नम्रपणे काठावरून प्रार्थना करावी. तरीही उतरावंच लागलं तर परत आल्यावर डॉक्टरांना ते आठवणीने सांगा.

मच्छरदाणी

किसुमूच्या पट्ट्यात मलेरिया बारमाही आहे, आणि तो जिवावर बेतणाऱ्या फॅल्सिपेरम जातीचा. दुकानात तीन प्रकार दिसतात. छत्रीसारखी लटकवायची गोल मच्छरदाणी दुमजली खाटेवर निरुपयोगी, खालच्याला टांगायला जागाच नसते. घडी उघडली की आपोआप उभी राहणारी तंबूछाप सोयीची. जमिनीवर गादी असली तरी चालते. तिची अडचण परत घडी करण्यात आहे. तार आठच्या आकारात पिळावी लागते आणि चुकीच्या बाजूला पिळली तर मोडते, म्हणून दुकानातच दोनदा करून बघा. चौकोनी, चार दोऱ्यांची जुन्या पद्धतीची मात्र सर्वांत टिकाऊ, फक्त भिंतीत खिळे नसतात. दहा मीटर नायलॉनची दोरी सोबत असली की खिडकीच्या गजापासून दरवाज्याच्या कडीपर्यंत ताणून भागतं.

कीटकनाशक लावलेली मिळाली तर तीच घ्या. नवी असताना एक दिवस सावलीत पसरून ठेवा, आणि धुतली तर उन्हात वाळवू नका, औषध उडतं. मच्छरदाणी म्हणजे मलेरिया टाळायच्या गोळीला पर्याय नव्हे. डॉक्सिसायक्लिन निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते, आणि लोक नेमके तिथेच चुकतात: घरी पोचलो म्हणून थांबवतात. कोणती गोळी, किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला तर ‘आफ्रिकेतून आलोय’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

स्वयंपाकघर

इथे सामान सर्वांत कमी लागतं आणि लोक सर्वांत जास्त नेतात. तांदूळ नेऊ नका. तिथल्या म्वेआ भागातला पिशोरी तांदूळ असा वासाचा असतो की बेळगाव बासमतीवर वाढलेल्या माणसानेही तक्रार करू नये. मूग तिथे ‘न्डेंगू’ नावाने सगळीकडे. चपातीला चपातीच म्हणतात, चहाला चाय. रोजचं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. नाचणीची मुद्दे खाल्लेल्या माणसाला हात कसा चालवायचा ते सांगावं लागत नाही. सोबत सुकुमा विकी, म्हणजे चिरून परतलेला हिरवा पाला. कमी पडतो तो तिखटपणा. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, अर्धा-अर्धा किलो, स्टीलच्या डब्यात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घालू नका. तेलामुळे पेट घेणारा पदार्थ म्हणून विमानाच्या सामानात त्या नाकारतात. यजमानांना भेट म्हणून कुंदा नको, दुधाचा असल्याने टिकत नाही. गोकाकचा करदंट द्या.

तीन लिटरचा कुकर न्यायचा असेल तर जादा गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्हसकट. कोळशाच्या शेगडीवर, म्हणजे ‘जिको’वर, शिट्टी झाली तरी आच कमी करता येत नाही, कुकर उचलून खाली ठेवावा लागतो, पकड सोबत हवी. जिको बंद खोलीत कधीही पेटवू नका, कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

हे सगळं बांधताना प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या तर पंचाईत. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. प्रवासात हातात आलेली ड्यूटी-फ्रीची पिशवीसुद्धा विमानतळावर सोडावी लागते. कापडी पिशव्या शिवून घ्या, घरातल्या जुन्या चादरीच्या चालतात.

कागद, कपडे, पायताण

नोट्स इथून छापून नेण्याआधी वजन करा. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद पाच ग्रॅम. ४० विद्यार्थी गुणिले ३० पानं म्हणजे १,२०० कागद, सहा किलो. दोन्ही बाजूंनी छापून तीन किलो. त्यापेक्षा एक स्वच्छ मूळ प्रत न्या आणि किसुमूत झेरॉक्स काढा. फाइल पीडीएफमध्येच ठेवा. वर्डची फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की पानं सरकतात आणि ‘पान १२ उघडा’ म्हटल्यावर निम्मा वर्ग भलत्याच पानावर असतो.

अथणीची चप्पल घरी राहू द्या. कोल्हापुरीच्या भौगोलिक मानांकनात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे याचा अभिमान ठीक, पण चिखलात ते चामडं भिजून फुगतं, आणि उघड्या पायाला जिगर नावाची वाळूपिसू नखाखाली शिरते. बंद बूट, मोजे. कपडे बाहेर दोरीवर वाळवले असतील तर इस्त्री केल्याशिवाय अंगात घालू नका. टुम्बू माशी ओल्या कपड्यावर अंडी घालते. वर्गात पुरुषांना फुल पँट आणि शर्ट, बायकांना साडी किंवा गुडघ्याखालचा पोशाख. एवढं पुरतं.

निघताना आणि परतताना

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर देशांतर्गत विमानात सहसा १५ किलोच मोफत असतात, पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ असले तरी. वरचे आठ किलो सांबऱ्याच्या काउंटरवर पैसे भरून सोडवावे लागतात. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं जोडून घ्या, नाहीतर रात्रीच्या बसने मुंबई गाठा. व्हिसाऐवजी २०२४ पासून केनियाची ऑनलाइन प्रवास परवानगी लागते. पण पर्यटक म्हणून ती घेऊन वर्गात उभं राहणं धोक्याचं आहे. शिकवण्यासाठी ‘स्पेशल पास’ लागेल का, हे यजमान संस्थेने तिथल्या इमिग्रेशन खात्याला विचारून लेखी कळवायला हवं, आणि तेही तुम्ही तिकीट काढण्याआधी.

पीतज्वराची (यलो फीव्हर) लस सर्वांत आधी उरका. ती दर दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. बेळगावहून मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय जवळ, नाहीतर बंगळूर किंवा मुंबई, आणि दिवस आधी विचारून जायचं. लशीचं कार्ड ती घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. केनियाहून भारतात उतरताना हे पिवळं कार्ड मागतात. नसलं किंवा दहा दिवस भरले नसले तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड मूळ प्रत हवं, मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून चालू नका. पासपोर्टला रबराने बांधा; चेक-इनच्या बॅगेत टाकलं तर ते पट्ट्यावर फिरत असेल आणि तुम्ही त्याच्या अलीकडच्या खिडकीशी उभे असाल.